गच्चीवरचं सोलर: ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांकडून वारंवार येणारे प्रश्न

हे प्रश्न बहुतेक सोसायट्यांचे सेक्रेटरी, खजिनदार आणि 'गच्ची माझ्या डोक्यावर आहे' म्हणणारे वरच्या मजल्यावरचे रहिवासी विचारतात. उत्तरं गृहनिर्माण संस्था आणि घरगुती ग्राहक यांच्यापुरती आहेत. कारखान्यांचे नियम आणि दर वेगळे असल्यामुळे ते इथे घेतलेले नाहीत.

१. सोलर बसवायचं म्हणजे गच्चीवर नेमकं काय काय येतं?

पॅनल, ते धरून ठेवणारा लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचा सांगाडा (ठेकेदार त्याला 'स्ट्रक्चर' म्हणतात), पॅनलकडून येणाऱ्या डीसी विजेची एसी करणारा इन्व्हर्टर, दोन्ही बाजूंचे फ्यूज-एमसीबी आणि सर्ज प्रोटेक्टर असलेल्या पेट्या, आकाशातली वीज जमिनीत नेणारा वीज अटकाव दांडा, तीन स्वतंत्र अर्थिंग (डीसी, एसी आणि वीज अटकाव) आणि खाली मीटर रूममध्ये नेट मीटर (घेतलेली आणि बाहेर दिलेली वीज मोजणारं) व निर्मिती मीटर. ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या जाळ्याला, जोडलेल्या साध्या संचात बॅटरी नसते. कोटेशनमध्ये अर्थिंगचे तीन खड्डे वेगवेगळे लिहिले आहेत का ते बघा. पैसे वाचवायला सगळ्यात आधी कात्री तिथेच लागते.

२. एका किलोवॅटला जागा किती लागते आणि वीज किती मिळते?

सावली नसलेली सुमारे १०० चौरस फूट जागा. आजचं नेहमीचं पॅनल ५४० ते ६०० वॅटचं असतं. लांबी सव्वादोन मीटरच्या आसपास, रुंदी सव्वा मीटरपेक्षा थोडी कमी, वजन २८ ते ३२ किलो. म्हणजे किलोवॅटला दोन पॅनल पुरतात. बाकीची जागा दोन रांगांमधल्या अंतरात आणि ये-जा करायच्या वाटेत जाते.

आपल्या भागात किलोवॅटमागे वर्षाची सरासरी दिवसाला पावणेचार युनिट धरा, म्हणजे वर्षाला १,३०० ते १,४०० युनिट. 'दिवसाला साडेपाच युनिट' असं छापील पत्रकात दिसलं तर तो आकडा राजस्थानचा आहे असं समजून पुढे बोला.

३. पावसाळ्यात काहीच मिळत नाही, हे खरं आहे का?

नाही. ढगातूनही पसरट प्रकाश येतो आणि त्यावर पॅनल चालतं. जुलैत दिवसाला किलोवॅटमागे २ ते अडीच युनिट मिळतात, सलग मुसळधार पडत असेल त्या दिवशी एकाच्याही खाली जातं. मार्च ते मे हे सर्वांत चांगले महिने. ऑक्टोबरनंतर आकाश स्वच्छ असतं, पण दिवस लहान असतो. म्हणून हिशोब वर्षाचा करायचा. संच जुलैत सुरू झाला आणि पहिलं बिल पाहून सभेत गोंधळ झाला, तर ऑक्टोबरपर्यंत थांबा.

४. मोनो पर्क, टॉपकॉन, एचजेटी, बायफेशियल: यातलं आमच्या गच्चीला काय घ्यावं?

आधी नावांचा गुंता सोडवू. पर्क, टॉपकॉन आणि एचजेटी हे सेल (पॅनलमधल्या वीज बनवणाऱ्या चकत्या) बनवायचे तीन प्रकार आहेत. बायफेशियल म्हणजे मागच्या बाजूनेही प्रकाश घेणारं पॅनल, मग सेल कोणताही असो. 'हाफ-कट' म्हणजे सेल अर्धा कापून जोडणी वरच्या आणि खालच्या अशा दोन भागांत केलेली. आज जवळपास सगळी पॅनल हाफ-कटच येतात, त्यासाठी कुणी जादा पैसे मागितले तर देऊ नका.

पर्क आणि टॉपकॉनमधला फरक इथे दोन ठिकाणी जाणवतो. पहिला उष्णतेचा. पॅनलची वॅट क्षमता २५ अंश सेल्सिअस सेल तापमानाला मोजलेली असते, पण एप्रिलच्या दुपारी गच्चीवर सेल ६५ अंशांपर्यंत तापतो. पर्क दर अंशामागे सुमारे ०.३५ टक्का क्षमता गमावतं, टॉपकॉन ०.२९ ते ०.३० टक्का, एचजेटी साधारण ०.२५ टक्का. चाळीस अंशांच्या फरकाला पर्कचं नुकसान १४ टक्के होतं, टॉपकॉनचं १२ टक्क्यांच्या आत राहतं, एचजेटीचं १० टक्के. दुसरा फरक झिजेचा. पहिल्या वर्षी पर्क साधारण २ टक्के उतरतं, टॉपकॉन १ टक्का. पुढे दरवर्षी पर्कची हमी ०.५५ टक्क्याच्या आसपास घसरणीची असते, टॉपकॉनची ०.४ टक्क्याची.

किमतीत फार फरक नसेल तर टॉपकॉन घ्या. एचजेटी उत्तम, पण अनुदानाला लागणाऱ्या भारतीय सेलमध्ये (प्र. ८) पर्याय कमी मिळतात.

बायफेशियलची जास्तीची वीज गच्चीवर अवलंबून असते. काळपट डांबरी वॉटरप्रूफिंगवर फूटभर उंचीला बसवलेल्या बायफेशियलला मागून जवळपास काहीच मिळत नाही. पांढऱ्या रंगाची किंवा चायना मोझॅकची गच्ची आणि आठ फूट उंच स्ट्रक्चर असेल तर काही टक्के वाढ दिसते. तरीही खाडीकाठच्या इमारतींना दोन्ही बाजूंनी काच असलेलं बायफेशियल सुचवावं लागतं, ते दमट हवेसाठी. मागे प्लॅस्टिकचा पातळ पडदा नसल्यामुळे ओल आत शिरायला वाट कमी असते.

५. पेरोव्स्काइटची ३० टक्क्यांवर कार्यक्षमतेची पॅनल येणार म्हणतात. थांबावं का?

नको. बातमी खोटी नाही. पेरोव्स्काइट (सेलसाठीचा नवा पदार्थ) आणि नेहमीचं सिलिकॉन यांचे थर एकावर एक देऊन केलेल्या 'टँडेम' सेलने एप्रिल २०२५ मध्ये ३४.८५ टक्क्यांचा विक्रम केला. एकट्या सिलिकॉनला सुमारे २९.४ टक्क्यांची सैद्धांतिक कमाल मर्यादा असताना हे मोठंच पाऊल आहे. पण असे विक्रम नखाएवढ्या सेलवर होतात. गच्चीवरचं पॅनल त्याच्या हजारो पट मोठं असतं. जगातली पहिली व्यापारी टँडेम पॅनल सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या एका प्रकल्पाकडे रवाना झाली, त्यांची कार्यक्षमता २४.५ टक्के होती. चांगलं टॉपकॉन पॅनल आज २२ ते २३ टक्के देतं.

पेरोव्स्काइटचं खरं दुखणं ओल आणि उष्णता. आपल्याकडे जून ते सप्टेंबर दोन्ही एकदम असतात. पवईत आयआयटी मुंबईच्या राष्ट्रीय फोटोव्होल्टाइक संशोधन केंद्रातही यावर काम चालू आहे. सोसायटीला २५ वर्षांची हमी मिळेपर्यंत थांबायचं, तर मधल्या काळातली बिलं भरतच राहावी लागतील.

६. शेजारी टॉवर आहे, गच्चीवर टाकी आणि लिफ्ट रूम आहे. सावलीचं कसं ठरवायचं?

ठाण्यात निम्मे संच इथेच फसतात. तपासायचा दिवस २१ डिसेंबर. त्या दिवशी सूर्य सर्वांत दक्षिणेला आणि खाली असतो. ठाण्याच्या अक्षांशावर तेव्हा भर दुपारी (घड्याळात साधारण १२ वाजून ३५ मिनिटांनी) तीन मीटर उंच टाकीची सावली उत्तरेकडे पावणेतीन मीटर पडते. सकाळी साडेनऊच्या सुमारास तीच सावली वायव्येकडे साडेपाच मीटरपर्यंत लांबते आणि दुपारी साडेतीनला ईशान्येकडे तेवढीच. टाकीच्या उत्तरेचा हा पंखा सोडून द्यायचा. दक्षिणेची बाजू मोकळी असते.

डिसेंबरपर्यंत थांबायची गरज नाही. ठेकेदाराकडून वर्षभराच्या सावलीचा सॉफ्टवेअर अहवाल मागा आणि त्यात शेजारच्या इमारतीची उंची खरी भरली आहे का तेवढं पडताळा. घोडबंदर रस्त्याला किंवा उलवे-खारघरकडे दक्षिणेच्या प्लॉटवर पायाभरणी चालू असेल, तर त्याचे मंजूर मजलेही त्यात धरायला लावा.

थोडीशी सावली एवढी महाग का पडते? पॅनल एकामागे एक साखळीत, म्हणजे 'स्ट्रिंग'मध्ये जोडलेली असतात. एका पॅनलचा प्रवाह आटला की साखळीवर परिणाम होतो. पॅनलमधले तीन बायपास डायोड सावलीतला भाग वगळून बाकीचा चालू ठेवतात, पण वगळलेल्या भागाची वीज गेलीच. उपाय तीन: सावलीतली पॅनल वेगळ्या स्ट्रिंगवर आणि इन्व्हर्टरच्या वेगळ्या एमपीपीटीवर (स्ट्रिंगमधून जास्तीत जास्त वीज काढणारा इन्व्हर्टरचा भाग) घेणं, त्या पॅनलना ऑप्टिमायझर (हेच काम एकेका पॅनलपुरतं करणारी पेटी) लावणं, किंवा पॅनलमागे एक छोटा मायक्रोइन्व्हर्टर वापरणं. पहिला जवळजवळ फुकट आहे, फक्त आखणीच्या वेळी डोकं लावावं लागतं. कठड्याची सावली खालून चढत असेल तर हाफ-कट पॅनल उभं बसवा. खालचा अर्धा भाग झाकला तरी वरचा चालू राहतो.

पॅनलचं तोंड दक्षिणेला, उतार १५ ते २० अंश. १० अंशांच्या खाली गेलात तर खालच्या चौकटीशी पाणी साचून मातीची पट्टी धरते.

७. आमच्या सोसायटीने किती किलोवॅटचा संच घ्यावा? गच्ची तर मोठी आहे.

गच्चीवरून ठरवू नका. बिलावरून ठरवा.

समजा ४० सदनिकांची सात मजली इमारत आहे. लिफ्ट, पाण्याचे पंप, जिन्याचे आणि पार्किंगचे दिवे यांचं सामायिक मीटर महिन्याला ३,००० युनिट दाखवतं. २० किलोवॅटचा संच वर्षाला सुमारे २७,००० युनिट देईल, म्हणजे महिन्याला सरासरी २,२५०. बिलावर उरतील ७५०. महावितरणच्या निवासी दरात टप्पे आहेत: १०० पर्यंत, ३०० पर्यंत, ५०० पर्यंत आणि ५०० च्या वर. सोलर कायम सर्वांत वरचा, महाग टप्पा आधी कापतं. इथे वाचलेलं प्रत्येक युनिट ५०० च्या वरच्या दराचं आहे.

आता हाच संच २७ किलोवॅटचा केला तर शेवटच्या सात किलोवॅटपैकी बरीचशी वीज स्वस्त टप्प्यांतली युनिट वाचवेल आणि काही महिन्यांत उरेलही. उरलेल्याचं काय होतं ते प्र. १६ मध्ये आहे. तिथे फारसा फायदा नाही.

खर्चाचा अंदाज असा: किलोवॅटला ६०,००० रुपये धरले तर १२ लाख, अनुदान (प्र. ८) ३ लाख ६० हजार, निव्वळ ८ लाख ४० हजार. युनिटमागे सरासरी १२ रुपये वाचतात असं धरलं तर वर्षाला ३ लाख २४ हजार, म्हणजे अडीच वर्षांच्या थोडं पुढे परतफेड. तुमचा खरा आकडा काढताना बिलावरचा सर्वांत वरच्या टप्प्याचा दर, वहन आकार, इंधन समायोजन आणि वीज शुल्क यांची बेरीज घ्या. स्थिर आकार घेऊ नका, तो सोलरने कमी होत नाही.

कोटेशन वाचताना जीएसटीही बघा. सोलर पॅनलवरचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्के झाला आहे. पूर्ण संच बसवून देण्याच्या कंत्राटात ७० टक्के रक्कम वस्तू आणि ३० टक्के सेवा धरली जाते, सेवेवर १८ टक्के. एकूण भार ८.९ टक्के येतो. जुन्या दराने लावलेलं कोटेशन अजून फिरताना दिसतं.

८. केंद्राचं अनुदान सोसायटीला किती आणि फ्लॅटवाल्याला किती?

'पीएम सूर्य घर: मोफत वीज योजना' फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. वैयक्तिक घरगुती मीटरला पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,०००, असे कमाल ७८,०००. तीनच्या वर कितीही बसवलं तरी आकडा तोच. गृहनिर्माण संस्थेच्या सामायिक मीटरला (वाहन चार्जिंगसकट) किलोवॅटला १८,००० रुपये, सदनिकेमागे ३ किलोवॅट या हिशेबाने कमाल ५०० किलोवॅटपर्यंत. ४० सदनिकांना १२० किलोवॅटची मर्यादा झाली, तेवढी गच्ची कुणाकडे नसते.

अट अशी की पॅनलच नाही, आतला सेलही भारतात बनलेला हवा. याला बाजारात 'डीसीआर' म्हणतात. 'मेड इन इंडिया' लिहिलेलं पॅनल डीसीआर असेलच असं नाही, कारण बाहेरचे सेल आणून इथे जोडलेलं पॅनलही तसंच म्हणवतं. डीसीआर महाग असतं. दोन कोटेशनमध्ये किलोवॅटमागे आठ-दहा हजारांचा फरक दिसला तर पहिला प्रश्न हाच विचारा. ठेकेदार नोंदणीकृत असावा लागतो आणि पाच वर्षांची देखभाल त्याच्याकडे असते. अनुदान संच सुरू झाल्यावर थेट ग्राहकाच्या खात्यात येतं. 'अनुदान वजा करून उरलेले द्या' म्हणणाऱ्या ठेकेदाराशी लेखी करार केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

९. गच्ची सामायिक आहे, पण मला माझ्या फ्लॅटच्या मीटरला पॅनल जोडायचं आहे. चालेल?

चालेल, सोसायटीची परवानगी असेल तर. गच्ची संस्थेची आहे, म्हणून सर्वसाधारण सभेचा ठराव आणि ना हरकत पत्र लागतं. ठरावात जागेचं मोजमाप, केबल कोणत्या डक्टमधून जाणार, गळती झाली तर जबाबदारी कुणाची आणि पुढे संस्थेला ती जागा लागली तर काय, हे चारही लिहून घ्या.

अडचण दुसरीच येते. ४० जणांनी मागितलं तर? प्रत्येकी ३ किलोवॅट म्हणजे १२,००० चौरस फूट. म्हणून बहुतेक ठिकाणी आधी सामायिक मीटरचा संच करून उरलेली जागा मागेल त्याला, हा क्रम बरा पडतो. सातव्या मजल्याच्या गच्चीवरून तळमजल्याच्या मीटर रूमपर्यंत प्रत्येकाची वेगळी केबल टाकायचा खर्चही आहेच.

१०. जर्मनीसारखं बाल्कनीच्या कठड्याला पॅनल लावून प्लगमध्ये खुपसता येतं का?

जर्मनीत २०२४ पासून ८०० वॅट इन्व्हर्टरपर्यंतचे असे संच अगदी सोप्या नोंदणीवर लावता येतात. इथे ग्रिडशी समांतर चालणारं कोणतंही यंत्र महावितरणच्या मंजुरीशिवाय जोडायचं नाही.

नियम बाजूला ठेवला तरी व्यवहारात तोटा आहे. घरातली बरीच साधी इलेक्ट्रॉनिक मीटरं विजेची दिशा ओळखत नाहीत. दुपारी घर बंद असताना पॅनलची वीज बाहेर गेली तरी मीटर ती वापर म्हणूनच मोजतं. म्हणजे तुम्ही वीज द्यायची आणि वर तिचं बिलही भरायचं. शिवाय बाराव्या मजल्यावर ३० किलोचं काचेचं पॅनल कठड्याला लटकवणं हा प्रकार जूनच्या वाऱ्यात बघवणार नाही.

११. लाइट गेली की सोलरही बंद पडतं. ऊन असताना असं का?

मुद्दाम तसं केलेलं असतं. ग्रिड गेल्याचं कळताच इन्व्हर्टर दोन सेकंदांच्या आत थांबतो. नाहीतर लाइन बंद आहे असं समजून खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्या गच्चीवरच्या विजेचा झटका बसेल.

लाइट गेल्यावरही चालू राहायला हवं असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. बॅटरी घ्यायचीच तर लिथियम आयर्न फॉस्फेटची घ्या. चार ते सहा हजार वेळा चार्ज-डिस्चार्ज होते आणि जवळपास पूर्ण वापरता येते. लेड-ॲसिड निम्म्याच्या पलीकडे रिकामी केली की लवकर मरते. पण लिफ्ट बॅटरीवर चालवायचा विचार सोडा. मोटर सुरू होतानाचा झटका पेलणारा संच परवडत नाही. जिन्याचे दिवे, सीसीटीव्ही आणि इंटरकॉम एवढंच बॅटरीवर ठेवा.

१२. आमच्याकडे लिफ्टसाठी जनरेटर आहे. त्याचा सोलरशी काही संबंध येतो का?

येतो, आणि बरेच ठेकेदार हे विचारतच नाहीत. जनरेटर सुरू झाला की सोलर इन्व्हर्टरला वाटतं ग्रिड परत आली. तो जोडला जातो आणि वीज द्यायला लागतो. लिफ्ट थांबलेली असेल तर ती वीज उलटी जनरेटरमध्ये शिरते, जनरेटर ट्रिप होतो किंवा त्याचं नुकसान होतं. सोलरची जोडणी चेंजओव्हरच्या (ग्रिड आणि जनरेटर यांत अदलाबदल करणारा स्विच) महावितरणच्या बाजूला घ्या, म्हणजे जनरेटर चालू असताना इन्व्हर्टरला वीज दिसणारच नाही. दोन्ही एकत्र चालवायचे असतील तर रिव्हर्स पॉवर रोखणारा वेगळा कंट्रोलर लागतो. एवढ्याशा सोसायटीला त्याची गरज नसते.

१३. गच्ची गळायला लागेल का?

भोकं पाडली तर लागेल. आज ना उद्या.

वॉटरप्रूफिंगच्या थरातून अँकर बोल्ट ठोकले की त्या भोकाभोवती पहिल्या पावसात काही होत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या पावसात वरच्या मजल्याच्या छताला ओलसर वर्तुळ दिसतं, आणि तोवर ठेकेदाराचा फोन लागत नाही. सुरक्षित पद्धत म्हणजे स्ट्रक्चरचे पाय काँक्रीटच्या ठोकळ्यांत रोवून ठोकळे गच्चीवर ठेवणं, खाली रबरी पट्टी. उंच स्ट्रक्चरला नुसते ठोकळे पुरत नाहीत (का, ते प्र. १४ मध्ये). तिथे पाय गच्चीखालच्या कॉलमवर, कॉलमच्या डोक्यावर काँक्रीट ओतून उभे करतात आणि त्याभोवतीचं वॉटरप्रूफिंग पुन्हा करून घेतात.

वॉटरप्रूफिंग पाच-सात वर्षांत करायचंच असेल तर आधी ते करा, मग सोलर. पॅनल लागल्यावर खालचा थर उखडणं म्हणजे दुप्पट मजुरी. आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षं वयाच्या इमारतीचं पाच वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांवरच्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा संरचना परीक्षण लागतं. सिडकोच्या जुन्या इमारतींनी ते ताजं करून, सोलरचं वजन त्यात धरूनच पुढे जावं.

उंच स्ट्रक्चर महाग पडतं, पण आठ फुटांवर पॅनल गेली की खाली गच्ची तशीच राहते. वाळवणाला ऊन मिळणार नाही, कोजागिरीला सावलीची अडचण नाही.

१४. वादळी वाऱ्यात आणि खाडीच्या खाऱ्या हवेत टिकेल का?

वाऱ्यापासून सुरुवात करू. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात मुंबई परिसरासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर. या वेगाचा दाब चौरस मीटरला सुमारे ११८ किलो होतो. एका पॅनलचं क्षेत्रफळ २.६ चौरस मीटर, म्हणजे एका पॅनलवर ढोबळमानाने ३०० किलो. पॅनलचं स्वतःचं वजन ३०. वारा कठड्यावरून उसळून पॅनलच्या पोटात शिरला की ते पतंगासारखं वर खेचलं जातं. ठोकळ्यांचं वजन या हिशोबातून यायला हवं, आणि इमारत उंच असेल तर आकडा आणखी चढतो. ठेकेदाराकडून स्ट्रक्चरल इंजिनीअरच्या सहीचं गणित घ्या. 'आम्ही शंभर ठिकाणी असंच लावलंय' हे गणित नव्हे.

खाऱ्या हवेचं नुकसान पॅनलपेक्षा लोखंडाला जास्त होतं. ऐरोली, वाशी, बेलापूर, कोपरी, कोलशेत इथल्या खाडीकडच्या गच्च्यांसाठी कोटेशनमध्ये या गोष्टी असाव्यात: आयईसी ६१७०१ ही क्षारफवारा चाचणी झालेली पॅनल, किमान ८० मायक्रॉन जस्ताचा हॉट-डिप थर असलेलं स्ट्रक्चर आणि ३०४ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे नट-बोल्ट.

बिघाड कुठे होतो ते जवळून बघा. कारखान्यातून आलेला खांब चांगला असतो. गच्चीवर आल्यावर कुणीतरी तो ग्राइंडरने चार इंच कापतो, ड्रिल मारतो किंवा वेल्डिंग करतो. त्या जागी जस्त उरत नाही. दोन पावसाळ्यांत कापलेल्या कडेपासून तांबूस रेषा खाली ओघळते, मग पापुद्रे सुटतात. काम चालू असतानाच प्रत्येक कापलेल्या कडेवर झिंकचा कोल्ड गॅल्व्हनायझिंग लेप लावून घ्या. दरवर्षी मे महिन्यात पाना घेऊन सगळे क्लॅम्प तपासा आणि अर्थिंगच्या पट्टीचे सांधे घासून घट्ट करा.

१५. पॅनल किती दिवसांनी धुवायची? कोणत्या पाण्याने?

ऑक्टोबर ते मे पंधरा दिवसांनी एकदा. शेजारी बांधकाम किंवा मेट्रोचं काम चालू असेल तर आठवड्याला. पावसाळ्यात पाऊस धुतो, पण कबुतरांची विष्ठा पावसानेही जात नाही, ती हाताने काढा. एकच सेल झाकला गेला तर तो वीज बनवण्याऐवजी तापायला लागतो आणि तिथे कायमचा डाग पडतो.

वेळ सकाळी सातच्या आधी किंवा ऊन उतरल्यावर. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारलं तर काच तडकू शकते. नळाचं पाणी आणि मऊ पुसणी पुरे. बोअरवेल किंवा टँकरच्या जड पाण्याने धुतलंत तर पांढरे डाग धुळीपेक्षा चिवट बसतात, वायपरने लगेच निथळून काढा. साबण, घासणी, प्रेशर पंप नको. आणि कुणालाही पॅनलवर पाय देऊ देऊ नका. वरून काच फुटलेली दिसत नाही, आत सेलला केसाएवढ्या भेगा पडतात.

१६. नेट मीटर बसलं, तरी बिल शून्य का येत नाही? आणि उरलेल्या युनिटचे पैसे मिळतात का?

प्र. ७ मधलंच उदाहरण घ्या. निर्मिती मीटरवर २,२५० युनिट. त्यातली १,१०० दिवसा पंप-लिफ्टनेच खाल्ली, १,१५० बाहेर गेली. रात्री आणि ढगाळ वेळी ग्रिडकडून १,९०० घेतली. बिलावर आयात १,९००, निर्यात १,१५०, निव्वळ ७५०. पंप रात्रीऐवजी दुपारी लावला तर आयात-निर्यात दोन्ही घटतील, निव्वळ तेवढंच राहील.

निव्वळ शून्य झालं तरी स्थिर आकार द्यावाच लागतो. निर्यात आयातीपेक्षा जास्त झाली तर फरकाची युनिट पुढच्या महिन्यात जमा होतात आणि ३१ मार्चला शिल्लक राहिलेली राज्य वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने महावितरण विकत घेते. तो दर तुम्ही भरता त्या दरापेक्षा बराच कमी असतो. म्हणून गरजेपेक्षा मोठा संच नको.

पहिली दोन-तीन बिलं स्वतः तपासा. मीटर बदललं पण संगणकात ग्राहकाची नोंद नेट मीटरिंगमध्ये बदलली नाही, असं झालं तर निर्यातीचा रकाना कोराच येतो. दर महिन्याच्या एक तारखेला तिन्ही रीडिंगचा फोटो काढून ठेवा. तक्रारीच्या वेळी तोच उपयोगी पडतो.

१७. मंजुरीचा क्रम काय? कळवा-मुंब्र्याला वेगळं आहे का?

सर्वसाधारण सभेचा ठराव, मंजूर भाराची तपासणी, योजनेच्या (प्र. ८) पोर्टलवर ग्राहक क्रमांकाने अर्ज, ठेकेदाराची निवड, उभारणी, नेट मीटर, तपासणी, मग अनुदानासाठी बँक तपशील. संचाची क्षमता मंजूर भारापेक्षा जास्त नसावी. सामायिक मीटरचा भार १२ किलोवॅट आणि संच २० चा, हे नेहमी आढळतं. आधी भार वाढवून घ्या, आणि त्याने स्थिर आकार किती वाढतो ते हिशोबात धरा. १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला २०२४ च्या सुधारित नियमांनुसार तांत्रिक व्यवहार्यता तपासणी लागत नाही आणि त्यासाठी लागणारी भारवाढ वीज कंपनीनेच करायची असते.

ठाणे आणि नवी मुंबई महावितरणच्या भांडुप परिमंडळात येतात. शीळ-मुंब्रा-कळवा भागात मार्च २०२० पासून टोरंट पॉवर ही फ्रँचायझी आहे, तिथल्या ग्राहकांनी मीटर आणि तपासणीसाठी तिच्या स्थानिक कार्यालयाशी बोलायचं.

१८. पूर्वी जास्त वीज यायची, आता कमी येते. कुठे बघायचं?

आधी इन्व्हर्टरच्या पडद्यावरचा एरर बघा. दोन दोष इथे वारंवार सापडतात. एक, भर दुपारी 'ग्रिड ओव्हरव्होल्टेज'. परिसरात वापर कमी आणि सोलर जास्त झालं की व्होल्टेज चढतं, इन्व्हर्टर थांबतो, पाच मिनिटांनी परत येतो. व्होल्टेजची नोंद काढून वीज कंपनीकडे ट्रान्सफॉर्मरचा टॅप बदलण्याची मागणी करा. दोन, पावसाळी सकाळी 'आयसोलेशन फॉल्ट' आणि अकराच्या सुमारास आपोआप सुरू. एखाद्या कनेक्टरमध्ये पाणी शिरलं आहे, ऊन लागून वाळलं की चालू होतं. बहुतेकदा पॅनलच्या केबल जोडणारे, दोन वेगळ्या कंपन्यांचे एमसी४ कनेक्टर एकमेकांत घुसवलेले सापडतात. दिसायला बसतात, पण आत घट्ट धरत नाहीत. तेच पुढे जळतात.

एरर नसेल तर स्ट्रिंगनिहाय प्रवाह पडताळा. एक स्ट्रिंग शून्य असेल तर फ्यूज किंवा तुटलेली केबल. सगळ्याच सारख्या कमी असतील तर धूळ. फक्त सकाळी किंवा फक्त संध्याकाळी कमी असेल तर नवी सावली. चालू स्थितीत डीसी कनेक्टर स्वतः ओढून काढू नका. डीसीची ठिणगी सहज विझत नाही, हातात पेटते.

१९. इमारत चार-पाच वर्षांत रिडेव्हलपमेंटला जाणार आहे. तरी बसवावं का?

प्र. ७ च्या पद्धतीने परतफेडीचा काळ काढा. सामायिक बिल मोठं असेल तर अडीच-तीन वर्षांत पैसे सुटतात, मग बसवा. बिल लहान असेल आणि विकासकाशी करार झालेला असेल तर नको.

बसवलं तर नट-बोल्टचं स्ट्रक्चर घ्या, वेल्डिंगचं नको. पॅनल आणि इन्व्हर्टर काढून पुन्हा लावता येतात, काँक्रीटचे ठोकळे आणि केबलचा काही भाग जातो. पॅनलचे अनुक्रमांक आणि हमीपत्रं सोसायटीच्या नावावर जपून ठेवा. विकासकाशी करार करताना संच कुठे ठेवायचा, कोण उतरवणार आणि नव्या इमारतीच्या गच्चीवर सोसायटीला किती जागा, हे कलम आत्ताच घालून घ्या. पाडकाम सुरू झालं की पॅनल भंगारवाल्याच्या टेम्पोत जातात. आणि मीटर कायमचं बंद करण्याआधी नेट मीटरच्या खात्यातली जमा युनिट वापरून घ्या किंवा त्यांचा हिशोब लेखी मागा.